सावली कोण धरणार

पाटणकर बाजारात मी अर्धा किलो हळद आणि सुक्या खोबऱ्याच्या चार वाट्या घ्यायला उभा होतो, तेव्हा एका परक्या देशाच्या सरकारनं मला विचारलं, की पुढची दोन वर्षं तुमच्या देवावर सावली कोण धरणार. विचारलं ईमेलवर, आणि अगदी अदबीनं. शेजारच्या दुकानात तीळ-गुळाचं गजक कुटत होते. दोन माणसं समोरासमोर बसून आळीपाळीनं हातोडे घालत होती, आणि मी ते वाक्य त्यांच्या तालावर वाचत होतो, एक घाव, दोन शब्द, एक घाव, दोन शब्द. दुकानदार म्हणाला, "पिसी हुई दूँ या साबुत?" मी म्हणालो, "चौदा दिवसांत." तो म्हणाला, "भैया, हल्दी पूछ रहा हूँ." मग मी काहीतरी उत्तर दिलं असणार, कारण थोड्या वेळानं माझ्या हातात पिशवी होती आणि मी शिंदे की छावनीच्या दिशेनं चालत होतो. धुकं अजून उठलेलं नव्हतं. ग्वाल्हेरला डिसेंबरात सकाळचे अकरा वाजले तरी समोरचा माणूस आधी आवाज म्हणून येतो आणि मग माणूस होतो. मला ते बरं वाटतं. आवाज असतानाच ठरवता येतं, ओळख दाखवायची की नाही.

त्या देशाचं नाव मी इथं घेत नाही. अर्ज अजून चालू आहे.

ईमेलखाली नाव नव्हतं, नंबर होता: अधिकारी क्रमांक ६१८. नंबरशी बोलायचं म्हणजे त्याला चेहरा द्यावा लागतो, म्हणून मी त्याला दिला. थोडं टक्कल, बारीक फ्रेमचा चष्मा, आणि टेबलावर डब्यात कापलेलं सफरचंद. हा माणूस मला माझ्या घरच्यांपेक्षा जास्त प्रश्न विचारत होता आणि मला त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं. पहिले दोन प्रश्न साधे होते. प्रश्न तीन: पूर्वी आपण पर्यटक म्हणून आला होता, विद्यार्थी होण्याची इच्छा नेमकी केव्हा झाली, तारीख द्या. प्रश्न चार: आपल्या पर्यटक व्हिसासोबतच्या पत्रात म्हटलं आहे, की आपण वंशपरंपरागत सावली धरणारे असून आपल्याशिवाय देवाची मिरवणूक निघू शकत नाही. आमच्या नोंदीप्रमाणे गेल्या वर्षी मिरवणुकीच्या दिवशी आपण आमच्या देशात होता. तर मिरवणूक निघाली का? आणि दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात सावली कोण धरणार? प्रश्न पाच: दुसरं कुणी धरू शकत असेल, तर शिक्षण संपल्यावर आपण परत का जाल? उत्तरं सोबतच्या फॉर्मवर, चौदा दिवसांत. मी चालता चालता हे पाच वेळा वाचलं. इतकं नीट वाचणारा माणूस आमच्या खानदानाला तीन पिढ्यांत मिळालेला नव्हता.

पत्र तात्यासाहेबांचं होतं. तात्यासाहेब म्हणजे छावनीतल्या आमच्या छोट्या खंडोबाच्या देवळाचे विश्वस्त, वीज मंडळातनं निवृत्त. दोन वर्षांपूर्वी मला तीन महिने माझ्या चुलतभावाकडे, दिग्विजयसिंहदादाकडे राहायला जायचं होतं. सिटी सेंटरमधल्या व्हिसा सल्लागार विनिता मॅडम म्हणाल्या, की तू परत येशील असं त्यांना वाटलं पाहिजे. नोकरी आहे? नाही. बायको, जमीन, दुकान? मी प्रत्येक वेळी नाही म्हणत गेलो आणि मला स्वतःलाच वाटायला लागलं, की हा पोरगा परत यायचा नाही. तेव्हा बाबा खुर्चीतनं म्हणाले, "आपली अब्दागिरी आहे की." अब्दागिरी म्हणजे उंच दांड्यावरचा पानाच्या आकाराचा जरीचा पडदा, पालखीतल्या देवाला ऊन लागू नये म्हणून बाजूनं धरायचा. आमचे पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतनं इकडे आले तेव्हा काय काय मिळालं असेल ते असो, आता फक्त हा मान शिल्लक आहे. चंपाषष्ठीला आम्हा साळुंख्यांची अब्दागिरी उभी राहिल्याशिवाय भोई पालखीला खांदा देत नाहीत. तात्यासाहेबांनी देवस्थानाच्या कागदावर तेच लिहिलं, जरा फुलवून. दर डिसेंबरात होणारा हा उत्सव या तरुणावाचून जागचा हलत नाही, असं काहीतरी. विनिता मॅडमनी इंग्रजी केलं. अठरा दिवसांत व्हिसा आला. शिक्का बघून बाबा पहिल्यांदा माझ्याकडे असे बघत होते, की जणू मी कुठंतरी लागलोय.

अब्दागिरी मी तेराव्या वर्षापासून धरत होतो, बाबांचा उजवा खांदा तेव्हाच आखडायला लागला होता. आजोबांनी शिकवलं होतं ते एवढंच, की वर बघायचं नाही. वर बघितलं की पडद्याची जर दिसते, आणि जर दिसली की माणूस स्वतःला राजा समजतो. खाली बघायचं. देवावर सावली पडली का ते बघायचं, पडली की झालं. आता यात एक अडचण अशी, की चंपाषष्ठीच्या सकाळी सात वाजता ग्वाल्हेरात ऊनच नसतं. सगळीकडे दुधासारखं धुकं, पालखी पुढच्या भोयांना दिसत नाही अशी अवस्था, आणि त्यात मी तेरा वर्षं नसलेल्या उन्हापासून देवाला वाचवत होतो. आपण हे नीट करतोय का, कळायला मार्ग नव्हता. खाली बघितलं तर नुसता ओला रस्ता. चुकलं तरी कुणाला दिसणार नाही असं काम मिळणं हे भाग्याचं असतं, पण त्यानं माणसाला एक सवय लागते. मी कॉलेज केलं तेही असंच, धुक्यात काहीतरी धरून उभा राहिल्यासारखं. अर्जात 'व्यवसाय' हा रकाना आला की मी अजून थोडा वेळ थांबतो.

तिकडे दादाच्या घरापासून दोन गल्ल्यांवर एक कॉलेज होतं. दादा-वहिनी कामाला गेले की मी फिरायला निघायचो, कारण पर्यटकानं काहीतरी बघितलं पाहिजे. एकदा कुंपणापलीकडे बघतो तर एका भल्या मोठ्या झाडात नऊ माणसं दोरांना लटकलेली. आधी वाटलं, अपघात. मग वाटलं, धर्म. तो वर्ग होता. शहरातली झाडं कशी राखायची, कुठली फांदी कापायची, कुठली सोडायची, याची दोन वर्षांची पदविका. खाली हेल्मेट घातलेल्या एक जाडशा बाई उभ्या होत्या, आणि वरच्या पोराला ओरडून सांगत होत्या, झाडाकडे नको बघूस, जमिनीकडे बघ, सावली बघ, सावलीत भोकं कुठं पडलीत ते बघ. मी कुंपणाची जाळी धरून उभा होतो. आयुष्यात कुणी मला परक्या भाषेत माझ्या आजोबांचं वाक्य ऐकवेल असं वाटलं नव्हतं. आणि तिकडे ऊन होतं. जमिनीवर सावली होती, खरीखुरी, कडा असलेली, हलणारी. त्या पोरानं एक फांदी सोडली आणि सावलीत एक उजेडाचा तुकडा पडला, पोळीला भोक पडावं तसा. मला काहीतरी हवंसं वाटायला लागलं. भूक असेल म्हणून मी घरी जाऊन ब्रेड खाल्ला, पण ते तसंच राहिलं. तर अधिकारीसाहेब, तारीख मला माहीत आहे. सात ऑक्टोबर, सव्वाअकरा. पण 'इच्छा झाली' या मथळ्याखाली कुणी असं वेळेसकट लिहितं का, हे मला माहीत नव्हतं.

कॉलेजच्या खिडकीवर विचारलं, तर तिथली मुलगी गोड हसून म्हणाली, पर्यटक म्हणून आलात तर इथं बसून विद्यार्थी होता येत नाही, आमच्या देशाबाहेर जा आणि बाहेरून विचारा. मला ते पटलं. आत असताना आत येऊ द्या म्हणणं बरोबर नाही. ती म्हणाली, जाण्याआधी एक चाचणीचा दिवस असतो, प्रत्यक्ष झाडावर चढवून बघतात, सव्वीस नोव्हेंबरला या. मी नाव लिहिलं. परतीचं तिकीट पाच डिसेंबरचं होतं, उत्सवाच्या आधी पोचायच्या हिशेबानं. आणि इथं आम्ही सगळे मिळून एक चूक केलेली होती, जी फक्त आमच्याकडे होऊ शकते. देव तिथीनं चालतो आणि व्हिसा तारखेनं. तात्यासाहेबांनी 'दर डिसेंबरात' लिहिलं, कारण त्या वर्षी डिसेंबरात होती. मग आम्ही सगळ्यांनीच डिसेंबर धरून ठेवला, आणि पुढच्या साली चंपाषष्ठी कधी आहे हे भिंतीवरच्या कॅलेंडरात कुणी पाहिलंच नाही. नोव्हेंबरात आईनं पान उलटलं आणि तिचा फोन आला. "उत्कर्ष, अरे, षष्ठी सव्वीसला आहे. नोव्हेंबर. आता रे?" मागनं बाबांचा आवाज, "तिकीट बदलतं का विचार." तिकीट बदलत होतं. एअरलाईनच्या पानावर मोठ्या निळ्या बटणावर लिहिलेलं होतं, की बदलतं. मी म्हणालो, "नाही बदलत, बाबा." मग ते म्हणाले, "बरं." त्या दिवशी मी तिकडे झाडावर चढलो, अकरा मीटर. वरनं मी खाली बघितलं, आणि ते 'बरं' मला तिथंही ऐकू आलं, लांबनं, धुक्यातनं येणाऱ्या माणसासारखं, फक्त त्याचा माणूस कधी झाला नाही.

परत आलो तर कुणी काही बोललं नाही. त्या दिवशी काय झालं हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आणि असं करत करत वर्ष गेलं. हे लोकांना विचित्र वाटेल, पण विचारायला एक अमुक वेळ असते, ती गेली की तोच प्रश्न आगाऊपणा होतो. तर आता ६१८नं ते काम केलं होतं. मी हळदीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि आईला विचारलं, "गेल्या वर्षी पालखी निघाली होती का गं?" आई, म्हणजे सुमनताई, साऱ्या गल्लीची सुमनताई, वांगी निवडत होती. ती म्हणाली, "निघाली की." मग म्हणाली, "खोबरं वासाचं आणलंस वाटतं." मग थोड्या वेळानं, "निघाली. जरा उशिरा." बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. पेपर खाली आला नाही, पण पानही उलटलं नाही.

विनिता मॅडमच्या ऑफिसात चार देशांची चार घड्याळं आहेत आणि चारही एकच वेळ दाखवतात, कारण सेल बदलणाऱ्या पोरीला कुणी सांगितलेलं नाही. मॅडमनी ईमेल वाचला, चष्मा डोक्यावर सरकवला. "देख उत्कर्ष, हा माणूस तुला फसवत नाहीये, तू स्वतः फसलायस. निघाली म्हणालास तर पहिलं पत्र झूठ. नाही निघाली म्हणालास तर आता दो साल कसा जाणार तू?"

"अर्धी निघाली असं लिहिता येईल का?"

"मजाक नको. बॅकअप कोण आहे तुझा? घरात दुसरं कुणी धरतं का?"

"माहीत नाही. विचारतो."

"विचार. पण परमनंट कुणी नको सांगू. परमनंट कुणी असलं की तुझं परत यायचं कारणच गेलं ना." मी निघताना त्या म्हणाल्या, "टेम्पररी पाहिजे. समझा?"

टेम्पररी माणूस शोधत मी देवळात गेलो. तात्यासाहेब ओट्यावर उन्हाची वाट बघत बसले होते, कानटोपी, मफलर, त्यावर दुसरा मफलर. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दोन पत्रं देतो तुला. एकात निघाली लिहितो, एकात नाही निघाली. जे लागेल ते लाव."

"तात्यासाहेब, पण झालं काय होतं?"

त्यांनी उठून कपाटातनं उत्सवाची वही काढली. लाल कापडाची, जाड. प्रत्येक वर्षाला एक पान, आणि पानावर मानकऱ्यांची यादी. बोट फिरवत त्यांनी गेल्या वर्षावर आणलं. 'अब्दागिरी, साळुंखे: हजर.' मी ते वाचलं आणि मला क्षणभर खरंच वाटलं, की मी होतो. अकरा मीटर वर आणि इथं रस्त्यावर, दोन्हीकडे. मागची पानं उलटली. हजर. हजर. आजोबा दवाखान्यात होते त्या वर्षी, हजर. आणीबाणीत, हजर. लढाईच्या सालात, जेव्हा घरातला एकही पुरुष गावात नव्हता असं आजी सांगायची, तेव्हाही साळुंखे हजर. मी म्हणालो, "पण नाव नाही लिहिलेलं." तात्यासाहेब म्हणाले, "नाव लिहायची पद्धत नाही. घराणं लिहायचं." मग त्यांनी वही मिटली, आणि रस्त्याकडे बघत, जणू तिकडच्या कुणाला सांगतायत अशा आवाजात म्हणाले, "दौलतसिंहांनी, म्हणजे तुझ्या वडिलांनी, दोनदा उचलली. दोनदा खांद्यातनं गेली. भोई उभे, गुरव उभा, नऊ वाजले. लोक म्हणाले, टेकवून ठेवा भिंतीला आणि चला. दौलतसिंह म्हणाले, टेकवलेली ती उभी नव्हे. मग तुझी बहीण आली बायकांतनं. मी त्या वेळी चष्मा पुसत होतो."

"किती वेळ पुसत होता?"

"पालखी परत येईपर्यंत," तात्यासाहेब म्हणाले.

उन्नती माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, सिटी सेंटरला एका बँकेत आहे, आणि रोज सकाळी जिममध्ये जाऊन लोखंड उचलते. संध्याकाळी ती स्कूटी लावत होती तेव्हा मी फाटकात उभा होतो. "अब्दागिरी तू उचललीस?"

"मग काय ती स्वतः उठणार होती?"

"मला सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस कुठं? वर्ष झालं, एनआरआयसाहेब." तिनं हेल्मेट काढलं. "आणि तिकीट बदलत होतं. मी बघितलं होतं तेव्हाच, साइटवर. बाबांना नाही सांगितलं." एवढं बोलून ती आत गेली. मी फाटकात तसाच. आत ती आईला विचारत होती, चहा आहे का, आणि आवाजात काहीच नव्हतं. मला वाटलं, त्या दिवशी बाबांच्या 'बरं'च्या शेजारी ही उभी होती, हातात फोन, फोनमध्ये निळं बटण.

पुढचे दिवस मी उत्तर लिहीत होतो. दुपारी गच्चीवर बसायचं, मांडीवर लॅपटॉप, ऊन पातळ, खालून भाजीवाल्याची हाळी. मी लिहायचो, खोडायचो, आणि मध्येच डोळा लागायचा. एकदा स्वप्नात ६१८ पालखीपुढे चालत होता, टाय लावून, हातात डबा, आणि प्रत्येकाला विचारत होता, आपण इथं कशाकरता आला आहात, आणि लोक त्याच्या कपाळाला भंडारा लावत होते. तो खूश दिसत होता. जागा झालो तेव्हा मला मार्ग सुचला होता. झोपेत सुचतात तसा, गुळगुळीत. बहीण तात्पुरती आहे. दोन वर्षांत तिचं लग्न होईल, ती परक्या घरची होईल, मान साळुंख्यांचा, म्हणून मला परत यावंच लागेल. काय नीट बसलं. पत्र खरं, पालखी निघालेली, मी मोकळा, आणि मी बांधलेलाही. मी एका दमात लिहून काढलं आणि उन्नती वाळत घातलेले कपडे काढायला वर आली तेव्हा मूर्खासारखं तिलाच वाचायला दिलं. तिनं उभ्यानं वाचलं, हातात बाबांचे पायजमे.

"कोणाशी?" ती म्हणाली.

"काय कोणाशी?"

"लग्न. कोणाशी ते पण लिही. तो विचारेल, एवढं विचारणारा माणूस आहे."

"अगं, फॉर्मसाठी आहे. कागदावर."

"वहीत माझं नाव नाही, कळलं. तिथं घराणं लिहितात. इथं पहिल्यांदा कुणीतरी सरळ विचारतंय, कोण धरणार, नाव सांगा. त्यात तू मला घराबाहेर काढून दाखवतोयस." तिनं पायजम्यांची घडी घातली, न घालायची तिथंही घातली. "नाव काट माझं. आणि परवा तूच धर. तू आहेस ना इथं. मला सुट्टी नाही टाकायची."

परवा म्हणजे चंपाषष्ठी. पहाटे आई भरतासाठी वांगी भाजत होती, घरभर तो वास, आणि बाबांनी अब्दागिरी बाहेर काढून तिचा दांडा तेलानं पुसला, डाव्या हातानं. धुकं असं, की देवळापर्यंत आम्ही रस्ता पायांनी ओळखत गेलो. पालखी दारात सजून ठेवलेली. भोई हात चोळत उभे, कुणाच्या तोंडातनं वाफ निघतेय ते कळत नव्हतं, नुसत्या वाफा दिसत होत्या. अब्दागिरी भिंतीला टेकवलेली होती. बायकांच्या घोळक्यात कडेला उन्नती होती, बँकेचा स्वेटर घालून, म्हणजे सुट्टी टाकली नव्हती पण आली होती. बाबा म्हणाले, "उत्कर्ष, घे." इतकंच. त्यांचा आवाज वर्षभरात इतका मऊ मी ऐकला नव्हता. मला कळत होतं, की मी पुढे होऊन ती उचलली, तर सगळं जागेवर येतं. गेलं वर्ष वहीत आहे तसंच होतं, निळं बटण नाहीसं होतं, आणि मी सहाशे अठराला फोटो पाठवू शकतो. माझ्या हाताला तेलाचा दांडा लागला. जड होता. तो मला माहीत असलेल्या वजनापेक्षा जड होता, कारण आधी तो उचलताना मला दुसरं काही हवंसं नव्हतं. मी तो घेऊन चाललो, पालखीकडे नाही, बायकांकडे. कुणीतरी मागनं म्हणालं, "अरे इकडे, इकडे." धुक्यात चुकला असेल असं वाटलं असणार त्यांना.

"धर," मी म्हणालो.

उन्नती हलली नाही. हळूच म्हणाली, "तुझं कारण जाईल."

"जाऊ दे."

"व्हिसा नाही मिळणार, येड्या."

"तिकीट बदलत होतं," मी म्हणालो, जरा मोठ्यानं, बाबांना ऐकू जाईल इतकं. बाबा आमच्याकडे बघत होते. मग त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "माहीत आहे रे. साइट मीपण बघितली होती." मला वाटलं, या घरात एका निळ्या बटणापुढे आम्ही तिघं वर्षभर वेगवेगळ्या खोल्यांत बसलो होतो. उन्नतीनं ओढणी कमरेला खोचली, दांडा घेतला, डावा हात खाली, उजवा वर, आणि बाबा पुढे होऊन म्हणाले, "वर नको बघूस." ती म्हणाली, "बाबा, मला येतं." तात्यासाहेबांनी चष्मा काढून हातात धरला होता. त्यांनी तो पुसला नाही, तसाच परत घातला, आणि विचारलं, "उभी राहिली का?" बाबा म्हणाले, "राहिली." येळकोट झाला, भंडारा उधळला, धुकं पिवळं झालं, आणि त्या पिवळ्यात पालखी उठून निघून गेली. माझ्याशिवाय. मी दोन हात खिशात घालून मागे उभा, आणि मला इतकं हलकं वाटलं, की भीती वाटली. पर्यटकाला असंच वाटत असणार, आपल्या गावात.

मी लोकांच्या मागनं चालत राहिलो. बाजाराचं वळण झालं, मग जुन्या हौदाजवळचा चढ आला. तिथं वारा असतो. मला तो चढ दंडात माहीत आहे. तिथं पडदा वारा पितो आणि दांडा मागं ओढतो, आणि मी दर वर्षी तिथं मनातल्या मनात अर्ज करायचो, की हे कुणीतरी घ्या. पुढनं आवाज आला, "दादा." मोठा नाही. चढ आहे हे सांगण्याइतका. मी माणसांतनं वाट काढत गेलो. तिचा ओठ दातांत होता, मनगटं पांढरी. मी दांड्याला हात घातला, तिनं सोडला, आणि पालखी थांबली नाही, थांबायचं काही कारणच नव्हतं. ती माझ्या बाजूनं बोटं उघडमीट करत चालली होती. "जिममध्ये वारा नसतो," ती म्हणाली. हौदाच्या वर कधी नव्हे ते धुकं फाटलं, आणि ऊन आलं, धुतलेल्या कपड्यासारखं, पातळ. मी खाली बघत होतो. तेरा वर्षांत पहिल्यांदा रस्त्यावर सावली पडलेली दिसली. थोडी तिरकी होती, देवाचा एक खांदा उन्हात राहत होता. मी दांडा दोन बोटं डावीकडे घेतला आणि तो आत आला. चढ संपला तसं उन्नती म्हणाली, "दे." मी दिला. ती पुढे गेली. ऊन परत गेलं.

चौदाव्या दिवशी दुपारी मी गच्चीवर बसून उत्तर लिहिलं. विनिता मॅडमना दाखवलं नाही, त्या दुखावल्या असत्या. प्रश्न तीन, इच्छा केव्हा झाली: सात ऑक्टोबर, सकाळी सव्वाअकरा, कुंपणाबाहेर. प्रश्न चार, मिरवणूक निघाली का: निघाली, दोन तास उशिरा, पत्र लिहिणाऱ्यांना तेव्हा माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. सावली कोण धरणार: उन्नती दौलतसिंह साळुंखे, माझी बहीण, कायम. हे नाव वहीत या वर्षीच्या पानावरही आहे. विश्वस्तांनी घराण्यापुढे जरा जागा ठेवून लिहिलं आहे, अक्षर त्यांचंच. मग पाचवा प्रश्न. परत का जाल? खाली आई कुणाला तरी भरताची कृती सांगत होती. बाबा उन्नतीला विचारत होते, त्या जिममध्ये आखडलेल्या खांद्याचं काही करतात का. मी लिहिलं: जुन्या हौदाजवळ चढ आहे. तिथं वारा असतो आणि बहिणीचा हात भरून येतो. तिथं मी लागतो. अंतर अंदाजे चाळीस पावलं. त्याखाली दुसरा रकाना होता, पुरावा जोडा. मी फोनमधले त्या दिवसाचे फोटो बघितले. पालखीचे होते, धुक्याचे होते, चढावरचा एकही नव्हता. मी लिहिलं: पुरावा नाही, त्या वेळी माझे दोन्ही हात अडकलेले होते. आणि पाठवून दिलं.